अध्येताकेंद्री दूरस्थ अध्यापन

अध्येताकेंद्री दूरस्थ अध्यापन : व्याख्यानाऐवजी विद्यार्थ्याच्या कृतीला केंद्रस्थानी ठेवून महाजालाद्वारे केले जाणारे अध्यापन. नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे जिल्हे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या (स्थापना १९९४) कक्षेत येतात. मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर तेथील वर्ग महाजालावर गेले. ज्या घरी मोबाइल एकच व तोही वडिलांबरोबर शेतात, तेथे ठरावीक वेळेचे व्याख्यान निरुपयोगी ठरते. म्हणून या पद्धतीत पाठाची लहान ध्वनिमुद्रणे आधी पाठवितात व तासिका शंका आणि गटचर्चेसाठी राखतात. उपस्थितीची नोंद हा शिकल्याचा पुरावा मानीत नाहीत. विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत लिहिलेले उत्तर अध्यापक अभिप्रायासह परत करतो. मोठ्या वर्गात हे काम फार वेळ घेते व पद्धत अडते ती बहुधा येथेच.