खिशातली वही आणि घरची वही

वर्गाचे हजेरीपत्रक आणि कचेरीतील नोंदवही ताडून पाहताना एकाच मुलापुढे दोन निरनिराळे आकडे निघाले, म्हणजे खरा कोणता मानावा हा प्रश्न पडतो. हातातल्या यंत्रातील नोंदी नेटवर्कवरून संगणकाशी जुळवतानाही नेमका हाच पेच येतो. तेथे निवाडा यंत्र करते आणि तो आपण आधी सांगून ठेवलेल्या नियमाने करते. म्हणून नियम ठरविताना घाई करू नये.

1996 साली अमेरिकेत पामचे पायलट नावाचे तळहातावर मावणारे टिपणयंत्र निघाले. क्रेडल नावाच्या बैठकीवर ठेवून कळ दाबली की त्यातील पत्ते व भेटीच्या वेळा संगणकाशी जुळत. पुढे हेच काम नेटवर्कवरूनही होऊ लागले. त्यासाठी संगणकावरील जुळवणीच्या प्रोग्राममध्ये 'नेटवर्क' हा पर्याय निवडून प्रथम एकदा बैठकीवरच जुळवणी करावयाची असे. त्या वेळी संगणक आपले नाव व अंकी पत्ता यंत्राला देई. पुढे त्याच पत्त्यावर यंत्र लांबून हाक घाली. संगणकाचा अंकी पत्ता बदलला तर ती हाक वाया जाई.

आतली व्यवस्था मोठी समंजस होती. नोंद बदलली वा खोडली की तिच्यावर तशी खूण पडे. नेहमीचाच संगणक भेटला तर खुणेच्या नोंदींचीच देवघेव होई. मध्यंतरी दुसऱ्या संगणकाशी गाठ पडली असल्यास सगळ्या नोंदी एकेक करून ताडल्या जात. एकच नोंद दोन्हीकडे बदललेली आढळली तर दोन्ही रूपे ठेवली जात. एकीकडे खोडलेली आणि दुसरीकडे सुधारलेली असेल तर सुधारलेली टिके. नको असलेली नोंद मागाहून पुसता येते, गेलेली परत येत नाही. माझ्या मते हा नियम फार शहाणपणाचा.

धोका होता तो 'एकाने दुसऱ्यावर लिहावे' या पर्यायात. त्या यंत्राची बॅटरी पुरती संपली की स्मरण कोरे होई. तेव्हा संगणकाने यंत्रावर लिहावे, असे सांगणे योग्य. दिशा उलटी निवडली तर कोरी पाटी संगणकावर उमटे आणि वर्षांनुवर्षे जमविलेले पत्ते एका कळीसरशी जात!

ती यंत्रे आता मागे पडली. आजच्या फोनमध्ये सर्व्हरचा पत्ता, नाव व परवलीचा शब्द भरला की जुळवणी आपोआप चालते. कार्डडॅव्ह हा त्यासाठीचा 2011 चा एक प्रमाणित संकेत. परंतु श्रोतेहो, येथे खोडणेही तितक्याच तत्परतेने सर्वत्र पोहोचते. तेव्हा जुळवणी सुरू करण्यापूर्वी फोनमधील नावांची फाईल करून वेगळ्या जागी ठेवावी, एकंदर नावे किती ते कागदावर टिपावे, आणि पहिली जुळवणी संपल्यावर दोन्हीकडची संख्या मोजून पाहावी.