कानस, कटर आणि लेझर

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमधल्या तिकीट खिडक्यांच्या जाळ्या, लोखंडी-पितळी कठडे आणि लाकडी कोरीवकाम यांतलं बरंचसं काम विद्यार्थ्यांच्या हातचं आहे. १८७८ ते १८८८ या काळात एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचं हे स्थानक उभं राहत होतं, तेव्हा हाकेच्या अंतरावरच्या सर जे.जे. स्कूल ऑफ आर्टमधली मुलं त्यासाठी ठोकत, घासत, कोरत होती. आज वास्तुकला महाविद्यालयं ‘मेकरस्पेस’ उघडल्याच्या जाहिराती करतात, त्या वेळी ही जुनी ओळख आठवावी. विद्यार्थ्यांसाठी कार्यशाळा ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. आपण ती एकदा दूर सारली होती.

जे.जे.ची सुरुवात १८५७ची. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी एक लाख रुपये दिले. १८६५मध्ये लॉकवुड किपलिंग शिकवायला आले आणि पुढच्याच वर्षाच्या आसपास सजावटीची चित्रकला, मूर्तिकाम आणि नक्षीदार लोखंडकाम असे तीन विभाग सुरू झाले. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची उठावशिल्पं किपलिंग यांचीच. शहर बांधलं जात होतं, कामं येत होती, मुलं त्यांवर शिकत होती. १८९१मध्ये लॉर्ड रे यांच्या नावानं कलाकारागिरीच्या कार्यशाळा उघडल्या. वसाहतीच्या राज्यात या मुलांना नकाशा आखण्याचा मान फारसा नव्हता. साहेबानं आखायचं आणि नेटिवानं घडवायचं, अशीच ती वाटणी होती.

वास्तुकलेचं शिक्षण आलं ते दुसऱ्या दारानं. १८९६मध्ये ड्राफ्ट्समनचे वर्ग सुरू झाले, १९००च्या सुमारास जॉन बेग यांनी अभ्यासक्रम आखला आणि पुढे स्वतंत्र विभाग झाला. १९२३पासून वीस वर्षं क्लॉड बॅटली यांनी तो घडवला. जुन्या वाड्यांची, देवळांची मोजमापं घेऊन काटेकोर रेखाटनं करणं हा त्यांच्या शिकवण्याचा कणा होता. डोळा आणि पेन्सिल त्यातून तयार झाली. कानस मात्र आवारातल्याच दुसऱ्या इमारतीत राहिली. १९५८मध्ये कला, वास्तुकला आणि उपयोजित कला यांच्या तीन संस्था झाल्या, तेव्हा कारागिरीचा विभाग कलाशाळेकडे गेला. आवार एकच राहिलं. संस्था वेगळ्या झाल्या. साहेब गेला तरी आखणारा आणि घडवणारा यांच्यातलं अंतर टिकलं, फक्त आता दोन्ही बाजूंना आपलीच माणसं होती.

जर्मनीतही या दोघांची सांगड सोपी नव्हती. १९१९मध्ये वायमारला बाउहाउस निघालं, तिथं प्रत्येक कार्यशाळेला दोन गुरू असत, एक कलावंत आणि एक कारागीर. इमारत हेच सगळ्या कलांचं अंतिम ध्येय, असं संस्थापक वॉल्टर ग्रोपियस यांनी जाहीरनाम्यात मांडलं होतं. तरीही वास्तुकलेचा विभाग सुरू व्हायला १९२७ साल उजाडलं. त्याआधी बर्लिनमधल्या सोमरफेल्ड यांच्या घराचं कोरीवकाम आणि काचकाम कार्यशाळांतल्या मुलांनी केलं होतं. विभाग नव्हता, पण प्रत्यक्ष घर होतं.

आपल्याकडे पुढचा जमाना कटरचा. आर्किटेक्चर केलेल्या कुणालाही विचारा, त्याच्या आठवणीत सबमिशनची रात्र असते: माउंटबोर्ड, सनबोर्ड, बाल्साच्या पट्ट्या, स्टीलची पट्टी, फेव्हिक्विकनं चिकटलेली बोटं. पहिल्या वर्षाला वर्कशॉपचे तास असत. सुताराकडून एखादा सांधा करून घ्यायचा, प्लास्टरचा साचा काढायचा आणि गुण पदरात पाडायचे. पुढची वर्षं मॉडेलची. मॉडेल आकार दाखवतं, उजेड कुठून येईल तेही कळतं. पण पाच मिलिमीटरचा सनबोर्ड भिंत असतो, काच असतो आणि स्लॅबही असतो. वीट विटेला कशी धरते, चौकट भिंतीत कशी बसते, याचं उत्तर त्याच्याकडे नसतं. ज्युरी (कामाचं परीक्षण) संपली की तो भंगारात जातो.

लेझर आला तो अनपेक्षित ठिकाणी. अमेरिकेतल्या एमआयटीत नील गर्शनफेल्ड यांच्या पुढाकारानं लेझर कटरसारखी यंत्रं असलेल्या कार्यशाळेची, म्हणजे फॅब लॅबची, कल्पना रुजली. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक २००२मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला, विज्ञान आश्रमात सुरू झाली. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये उभारलेल्या या आश्रमात शाळेत न रमलेली मुलं वेल्डिंग, शेती, बांधकाम हातानं करून शिकत होती. त्रिकोणी चौकटी जोडून उभा राहणारा ‘पाबळ डोम’ हे तिथलंच काम. यंत्र आलं ते काम आधीपासून चालू असलेल्या जागी, म्हणून तिथं ते शोभेचं ठरलं नाही.

जगात इतरत्रही असंच दिसतं. अमेरिकेतल्या ऑबर्न विद्यापीठाच्या ‘रूरल स्टुडिओ’त १९९३पासून विद्यार्थी अलाबामातल्या गरीब कुटुंबांसाठी घरं बांधतात, सुरुवातीच्या एका घराच्या भिंती गवताच्या गाठींच्या आहेत. झुरिकच्या ईटीएचमध्ये २००५मध्ये रोबोटची प्रयोगशाळा झाली आणि पुढच्याच वर्षी तिथं यंत्रानं रचलेल्या विटांच्या भिंती एका वाइनरीला लागल्या. एकीकडे गवत, दुसरीकडे रोबोट. दोन्हीकडे कार्यशाळेतली वस्तू खऱ्या इमारतीत गेली, पाऊसवारा झेलायला उभी राहिली.

आपल्या बऱ्याच मेकरस्पेसांत आज लेझर कटर एमडीएफ कापतो, थ्रीडी प्रिंटर छोटी घरं छापतो आणि पुन्हा ज्युरीसाठी मॉडेलच तयार होतं, फक्त कडा नीटस येतात. भरीला संध्याकाळी पाचला कुलूप, यंत्राला हात लावायला अर्ज आणि लाकडाची जात ओळखणारे वर्कशॉपवाले काका ज्युरीच्या खोलीबाहेर.

२०२३मध्ये जे.जे.ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि कला व वास्तुकला नावापुरत्या तरी पुन्हा एकत्र आल्या. या निमित्तानं जे.जे.नं आणि इतरांनीही यंत्रखरेदीच्या यादीआधी तीन गोष्टी ठरवाव्यात. कार्यशाळा सबमिशनच्या रात्री उघडी राहावी. गुण देताना मिस्त्रीचंही मत घ्यावं. आणि दर वर्षी मुलांनी केलेली निदान एक वस्तू, मग तो बाक असो, खिडकी असो की बसथांब्याचं छप्पर, शहरात कुठंतरी कायमची बसावी. यातलं तिसरं काम जे.जे.च्या मुलांनी रेल्वे स्थानकात एकदा करून दाखवलेलं आहे, तेही वीज नसलेल्या कार्यशाळेतून.