वार्धक्य, मेंदू आणि अध्ययन

मेंदूचा विकास तारुण्यात पूर्ण होतो व त्यानंतर केवळ ऱ्हास उरतो, असा समज वैद्यकशास्त्रातही दीर्घकाळ रूढ होता. तो आता टिकलेला नाही.

वयोमानानुसार मेंदू आकुंचन पावतो, हे खरे. स्मृतीशी निगडित ‘हिप्पोकॅम्पस’ हा भाग उतारवयात दरवर्षी सुमारे एक ते दोन टक्क्यांनी घटतो. नावे चटकन आठवत नाहीत, विचाराची गती मंदावते. परंतु शब्दसंग्रह व अनुभवजन्य ज्ञान पुष्कळ काळ टिकते. मेंदूतील सुमारे ८६ अब्ज मज्जापेशींमधील जोडण्या अध्ययनाने आयुष्यभर बदलत राहतात. अनित्यतेचा हाच अर्थ होय : जे बदलते ते क्षीण होते, तसेच ते विकसितही होऊ शकते.

अमेरिकेत डेव्हिड स्नोडन यांनी १९८६ साली आरंभिलेल्या संशोधनात ६७८ ख्रिस्ती धर्मभगिनी सहभागी झाल्या. त्यांपैकी सिस्टर मेरी १०१ वर्षे जगल्या. अखेरपर्यंत त्यांची बुद्धी तल्लख होती; मृत्यूनंतर मात्र त्यांच्या मेंदूत अल्झायमर रोगाच्या विपुल खुणा आढळल्या. अध्ययनाने मेंदूत राखीव शक्ती साठते व ती हानी सोसू शकते, असे शास्त्रज्ञ याचे स्पष्टीकरण देतात.

ही शक्ती केवळ शाळेतच लाभते असे नाही. सुवर्णा अल्लादी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबाद येथे ६४८ स्मृतिभ्रंशग्रस्तांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध केला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा विकार सरासरी साडेचार वर्षे उशिरा उद्भवला होता. निरक्षरांतही हा फरक दिसला. देहाचे चलनवलनही तितकेच मोलाचे आहे. २०११ सालच्या एका अमेरिकन प्रयोगात वर्षभर नियमित भरभर चालणाऱ्या वृद्धांचा हिप्पोकॅम्पस सुमारे दोन टक्क्यांनी वाढला.

‘लॅन्सेट’ आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणे नोंदविली. त्यांत उच्च रक्तदाब, बहिरेपणा, धूम्रपान व एकाकीपणा यांच्यासमवेत बालपणीचे अल्पशिक्षण हेही आहे. म्हणजेच शिक्षण नाकारणे हा मनुष्याच्या वार्धक्यावरही केलेला आघात ठरतो. पिढ्यानपिढ्या ज्यांना अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्या समाजाने याचा गांभीर्याने विचार केला पाहिजे.

मुलांना शाळेत धाडणे हे कर्तव्य आहेच. परंतु घरातील वृद्ध माता-पित्यांना ‘आता या वयात काय शिकणार?’ असे म्हणणे अशास्त्रीय आहे. विहारातील ग्रंथवाचनात त्यांना केवळ श्रोते म्हणून न बसविता वाचावयास, प्रश्न विचारावयास व चर्चेत बोलावयास प्रवृत्त करावे.