सरकारवर दावा : एतो शिम्पेई यांच्या कार्याचा मागोवा

साध्या माणसाला सरकारी अधिकाऱ्यावर दावा लावता येतो का? तो जिंकला, तर निकाल त्या अधिकाऱ्याला पाळावाच लागतो का? कोणत्याही देशाच्या न्यायव्यवस्थेची पारख या दोन प्रश्नांवर होते. जपानने पहिल्या प्रश्नाला होकार दिला तो 1872 मध्ये. दुसऱ्याचे उत्तर मिळायला मात्र फार वर्षे लागली आणि मोठी किंमत मोजावी लागली. पहिला होकार मिळवून देणारे न्यायमंत्री एतो शिम्पेई त्या पदावर जेमतेम वर्षभर होते. पुढे आणखी वर्षभरातच, न्यायालयाच्याच निकालाने, त्यांचा शिरच्छेद झाला. त्यांचे काम आणि त्यांचा शेवट एकत्र वाचल्याशिवाय आधुनिक जपानी न्यायालयांची गोष्ट समजत नाही.

एतो यांचा जन्म 1834 चा, क्यूशू बेटावरच्या सागा संस्थानातला. घराणे सामुराईंचे, पण खालच्या दर्जाचे आणि गरीब. 1862 मध्ये ते परवानगी न घेता संस्थान सोडून क्योतोला गेले. हा गुन्हा देहदंडापर्यंत नेणारा होता, पण माजी संस्थानाधिपती नाबेशिमा नाओमासा यांनी त्यांची हुशारी ओळखून नजरकैदेवर निभावले. 1868 मध्ये शोगुनशाही कोसळली आणि सम्राट मेइजींच्या नावाने नवे सरकार आले, तेव्हा एतो यांना राजधानीत जागा मिळाली.

जुन्या राजवटीत न्यायाधीश म्हणून वेगळा माणूसच नव्हता. शहराचा कारभार, पोलीस आणि न्यायनिवाडा एकाच अधिकाऱ्याच्या हाती असे. तो वर चौथऱ्यावर बसे आणि आरोपी किंवा फिर्यादी खाली पांढऱ्या वाळूच्या अंगणात. शिक्षेसाठी कबुलीजबाब हवा असे आणि त्यासाठी छळ करणे रीतसर मानले जाई. 1868 नंतरही फारसे बदलले नाही. प्रांताचे राज्यपाल कर गोळा करत आणि निवाडेही देत. त्यांच्याविरुद्ध दाद मागायची, तर त्यांच्याच दारात जावे लागे.

बदलाची निकड परदेशी तहांमुळेही होती. 1858 च्या तहांनी परदेशी नागरिकांना जपानी कायद्यापासून सूट दिली होती. त्यांचे खटले त्यांचे वकिलातप्रमुखच चालवत. ही नामुष्की पुसायची, तर जगाला मान्य होतील असे कायदे आणि न्यायालये उभी करणे भाग होते. एतो यांनी ते काम अंगावर घेतले. मित्सुकुरी रिन्शो हे फ्रेंच कायदेसंहितांचे भाषांतर करत होते. चुका झाल्या तरी चालतील, पण भाषांतर लवकर हवे, असा एतो यांचा त्यांना तगादा असे. दोन-चार पाने तयार झाली, की ती घेऊन समितीत चर्चा सुरू होई. ही घाई पुढे टीकेचा विषय झाली आणि ती टीका खोटी नव्हती. फ्रान्समध्ये मुरलेला कायदा जसाच्या तसा उचलून जपानी गावात रुजणार नव्हता. दिवाणी संहिता पूर्ण अमलात यायला 1898 उजाडले, आणि तीही फ्रेंच संहितेची नक्कल नव्हती.

न्यायालयांच्या उभारणीत मात्र त्यांच्या घाईला फळ आले. 1872 मध्ये न्यायमंत्री होताच काही महिन्यांत त्यांनी न्यायखात्याची नियमावली काढली. तिची 22 प्रकरणे आणि 108 कलमे होती. खाली विभागाचे न्यायालय, वर प्रांताचे आणि त्याच्याही वर खात्याचे, अशी उतरंड तिने घातली. न्यायाधीश, सरकारी वकील, पक्षकाराची बाजू मांडणारा वकील, अर्ज-दस्त लिहून देणारा आणि दस्त साक्षांकित करणारा या सगळ्यांची कामे वेगळी केली. पहिली प्रांत-न्यायालये तोक्योच्या आसपास सुरू झाली, मग क्योतो, ओसाका आणि ह्योगोत. एकेक न्यायालय उघडले, की तिथल्या राज्यपालाच्या हातून न्यायदानाचा अधिकार गेला. त्यामुळे राज्यपाल नाराज आणि खर्च वाढल्यामुळे अर्थखातेही नाराज. इनोउए काओरु यांच्या अर्थखात्याने न्यायखात्याची मागणी निम्म्याहून खाली आणली, तेव्हा एतो यांनी राजीनामा पुढे केला.

त्याच वर्षी वेश्याव्यवसायात करारावर विकल्या गेलेल्या स्त्रियांना मोकळे करणारा हुकूम निघाला. माणूसपण हिरावलेल्यांकडून कर्जफेड मागता येणार नाही, असे न्यायखात्याने बजावले. धंदा वेगळ्या नावाने पुन्हा उभा राहिला. तरीही माणसाच्या विक्रीचा करार कायद्यासमोर टिकणार नाही, हे तत्त्व सरकारी कागदावर आले.

पण एतो यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे 1872 च्या अखेरीस निघालेला न्यायखात्याचा 46 क्रमांकाचा आदेश. स्थानिक अधिकारी केंद्राच्या कायद्याविरुद्ध वागला, लोकांचे अर्ज घेईना किंवा दाबून ठेवू लागला, रहिवास बदलायला आडकाठी करू लागला, तर रयतेने थेट न्यायालयात जावे, असे त्यात सांगितले होते.

त्याची कसोटी लगेच लागली. क्योतोच्या ओनो पेढीला आपली नोंद दुसऱ्या शहरात हलवायची होती. एवढी धनाढ्य पेढी गेली तर उत्पन्न बुडणार, म्हणून प्रांताच्या कचेरीने अर्ज अडवला आणि पेढीवाल्यांना बोलावून दबाव आणला. 1873 मध्ये पेढीने क्योतोच्या न्यायालयात दावा लावला. नोंद हलवू द्या, असा निकाल न्यायालयाने दिला. प्रांताने तो मानला नाही, तेव्हा न्यायालयाने राज्यपाल आणि त्यांचे दुय्यम माकिमुरा मासानाओ यांना दंड ठोठावला. माकिमुरा तरीही अडून बसले, तेव्हा त्यांना तोक्योत अटकेत ठेवण्यात आले. काही वर्षांपूर्वी व्यापारी ज्याच्यापुढे वाळूत बसत, तोच अधिकारी व्यापाऱ्याच्या दाव्यावरून कोठडीत गेला होता.

माकिमुरा चोशू संस्थानचे आणि चोशूचे नेते सरकारात बलवान. लष्करखात्याच्या पैशाच्या अफरातफरीची एतो यांच्या खात्याने केलेली चौकशी यामागाता आरितोमो यांना आधीच झोंबली होती, तेही चोशूचेच. एतो यांनी भ्रष्टाचाराचा पाठलाग केला, तो खराच होता. पण त्यात सागा विरुद्ध चोशू हे राजकारणही मिसळले होते. ऑक्टोबर 1873 मध्ये कोरियाशी कसे वागावे या प्रश्नावर मंत्रिमंडळ फुटले. साइगो ताकामोरी, इतागाकी ताइसुके या नेत्यांबरोबर एतोही सरकारातून बाहेर पडले आणि त्याच सुमारास वरून आलेल्या आदेशाने माकिमुरा सुटले. न्यायालयाचा निकाल खुर्चीतल्या माणसाच्या पाठबळावर उभा होता. तो माणूस गेला आणि निकालातला जोर ओसरला.

जानेवारी 1874 मध्ये निवडून आलेली विधानसभा मागणाऱ्या निवेदनावर एतो यांनी सही केली आणि ते सागाला गेले. तिथे असंतुष्ट सामुराई उठावाच्या तयारीत होते. एतो त्यांचे नेते झाले. हा त्यांच्या आयुष्यातला सर्वांत चुकीचा निर्णय होता. लोकांनी न्यायालयात दाद मागावी म्हणून ज्यांनी नियम घडवले, त्यांनीच तलवारीचा मार्ग धरला. उठाव काही दिवसांत मोडला. एतो साइगोंकडे गेले, मदत मिळाली नाही, आणि तोसा प्रांतात ते पकडले गेले.

पुढचे प्रकरण मात्र सरकारला शोभणारे नाही. उठाव मोडायला आलेल्या ओकुबो तोशिमिची यांच्या हाती लष्करी अधिकारांबरोबर न्यायदानाचे अधिकारही दिले होते. सागात तात्पुरते न्यायालय बसले. न्यायाधीश कोनो तोगामा, एकेकाळी न्यायखात्यात एतो यांच्या हाताखाली वाढलेले. चौकशी दोन दिवसांत उरकली. फौजदारी खटल्यात आरोपीला वकील देण्याची तरतूद तेव्हा नव्हती, एतो यांच्या नियमावलीतही नव्हती. 13 एप्रिल 1874 रोजी शिक्षा सुनावली आणि त्याच दिवशी अमलात आणली. शिरच्छेद, आणि शिर लोकांना दिसेल असे मांडून ठेवणे. एतो यांचे वय तेव्हा 40 होते.

ज्या उणिवा त्यांना भोवल्या, त्या नंतर एकेक करून भरल्या गेल्या. 1875 मध्ये खात्यापासून वेगळे सर्वोच्च न्यायालय स्थापन झाले. शिर मांडण्याची शिक्षा आणि कबुलीसाठीचा छळ 1879 मध्ये बंद झाला. 1880 मध्ये मंजूर होऊन 1882 पासून लागू झालेल्या फौजदारी कायद्यांनी आरोपीला वकील मिळवून दिला. आणि सत्तेला निकाल पाळावाच लागतो का, या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 1891 मध्ये मिळाले. ओत्सू येथे एका पोलिसाने रशियाच्या युवराजावर वार केला. रशियाच्या धाकाने सरकारला फाशी हवी होती, पण कायद्यात तिला आधार नव्हता. सर्वोच्च न्यायालयाचे प्रमुख कोजिमा इकेन यांनी सरकारचा दबाव मानला नाही आणि आरोपीला जन्मठेपच झाली. हे कोजिमा एतो यांच्याच काळातल्या न्यायखात्यात वाढलेले. 1899 मध्ये परदेशी वकिलातींची न्यायालयेही बंद झाली.

1889 च्या राज्यघटनेबरोबर आलेल्या माफीत एतो यांच्यावरचा राजद्रोहाचा डाग पुसला गेला. माफी मिळाली म्हणून त्यांचा उठाव बरोबर ठरत नाही, आणि उठावामुळे 46 व्या आदेशाची थोरवीही कमी होत नाही. न्यायालय म्हणजे सत्तेला प्रश्न विचारायची जागा, हे जपानमध्ये त्यांनी सर्वांत आधी ओळखले. ती जागा मंत्र्याच्या हाताबाहेर हवी, एवढेच त्यांच्याकडून राहून गेले. त्याची किंमत त्यांनी स्वतः मोजली. न्यायालये उभारणाऱ्या प्रत्येक देशाने त्यांच्या कामाइतकीच ही त्रुटीही लक्षात ठेवावी.