पासोडी, प्रबंध आणि नोंद

अंबाजोगाईस जाऊन संतकवी दासोपंतांची पासोडी ज्याने एकदा पाहिली, त्याला ग्रंथरक्षण म्हणजे काय हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद अशा त्या जाड वस्त्रावर दासोपंतांनी (1551–1615) पंचीकरणाचा विषय लिहून काढला. त्यांना रोज एका ढब्बू पैशाची शाई लागत असे, अशी आख्यायिका आहे, आणि सव्वालक्ष ओव्यांचा म्हणून ओळखला जाणारा ‘गीतार्णव’ ज्यांच्या नावावर आहे, त्यांच्याविषयी ती अतिशयोक्ती मानण्याचे धैर्य मला तरी होत नाही. मात्र ती पासोडी आज पाहावयास मिळते, ती पिढ्यानुपिढ्या कोणी तरी तिची घडी जपली म्हणून.

अंबाजोगाई ज्यात मोडते त्या बीड जिल्ह्यातील आधुनिक संशोधनाला मात्र असा राखणदार मिळावयास फार काळ लागला. निजामी अमदानीत उच्च शिक्षणाची वाट हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठाकडे जात असे; पुढे 23 ऑगस्ट 1958 रोजी औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले (1994 पासून ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव धारण करते) आणि प्रबंध आपल्या मुलखात लिहिले जाऊ लागले. परंतु लिहून झालेल्या प्रबंधाची गत काय? सोनेरी अक्षरांच्या बांधणीतली प्रत विद्यापीठाच्या कपाटात दाखल होई, आणि ज्या ऊसतोड मजुरांच्या स्थलांतरावर तो लिहिलेला असे, त्यांच्या आष्टी-पाटोद्याच्या शिक्षकाला तो वाचावयाचा झाल्यास एस.टी.ने औरंगाबाद गाठून ग्रंथपालाची परवानगी मिळवावी लागे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2009 च्या विनियमांनी प्रबंधाची संगणकीय प्रत देणे बंधनकारक केले, तेव्हा या कपाटांना पहिली फट पडली. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे ‘शोधगंगा’ हे भांडार आज लाखो प्रबंध विनामूल्य वाचावयास देते. त्याचे यंत्र मुळात मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीच्या ग्रंथालयाने ह्यूलेट-पॅकार्डच्या साहाय्याने घडवलेली आणि 2002 साली सर्वांस खुली केलेली ‘डीस्पेस’ ही प्रणाली होय. प्रबंध प्रकरणवार पीडीएफ करून चढवावयाचा, त्याला कायमचा क्रमांक मिळावयाचा, म्हणजे संगणक बदलला, पत्ता बदलला तरी दाखला हरवत नाही.

येथपर्यंतचे काम यंत्राचे. खरी कसोटी नोंद करणाऱ्या माणसाची, आणि तिच्याकडे आमच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. मराठी प्रबंध पुष्कळदा युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेले असतात. कागदावर अक्षर मोत्यासारखे, पण संगणकाच्या पोटात निरर्थक रोमन चिन्हे, त्यामुळे ‘दुष्काळ’ शोधणाऱ्याला दुष्काळावरचाच प्रबंध सापडत नाही. कित्येक प्रबंध तर नुसते छायाचित्र काढल्यासारखे स्कॅन केलेले. त्यांत शोधण्याजोगे अक्षरच नाही. मग सारी भिस्त शीर्षक, मार्गदर्शक आणि विषयशब्द यांच्या रकान्यांवर येते.

शिवाय शोधगंगेत मुख्यतः पीएच.डी.चे प्रबंध येतात. महाविद्यालयीन प्राध्यापकांचे लेख, सर्वेक्षणे, चर्चासत्रांतील निबंध हे बाहेरच राहतात. संशोधन सर्वांस खुले असावे असे सांगणाऱ्या 2002 च्या बुडापेस्ट घोषणेने लेखकाने आपला लेख खुल्या संगणकीय भांडारात ठेवण्याचा मार्ग पुरस्कारिला होता, आणि अनेक प्रकाशक स्वीकृत हस्तलिखितापुरती त्यास मुभाही देतात. परवानगी तपासणे, प्रत मागून घेणे, न देणाऱ्याच्या मागे नम्रपणे लागणे, हे दफ्तरदारी काम आहे; संगणकखरेदीची निविदा निघते, या कामासाठी माणूस नेमल्याचा हुकूम मात्र क्वचितच निघतो, हे मला सर्वांत खटकते.

आणि तो माणूस जाणता असला पाहिजे. कारण बीड जिल्ह्याचे नाव रोमन लिपीत कोणी दोन ‘ई’ घालून लिहितो, कोणी एका ‘आय’वर भागवतो, आणि निजामी काळातील इंग्रजी कागदांत ते ‘भीर’ असेही आढळते. या तिन्ही रूपांची नोंद विषयशब्दांच्या रकान्यात एकाच दाखल्याखाली केली, तर पाटोद्याच्या त्या शिक्षकाने कोणतेही रूप टंकले तरी प्रबंध त्याच्यापुढे येईल.