दोन मिनिटांची भीती: माहीमच्या पोरांकडून शिकलेला धंद्याचा धडा

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण 'ग्राहकाला नमुना कसा दाखवायचा' हा विषय घेतला. तिथे एक उदाहरण अर्धवट राहिलं, ते इथे पूर्ण सांगतो.

माझं माहीमला झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. मागच्या हिवाळ्यात कॉलेजची पाच मुलं दुकानात आली. त्यांना प्रोजेक्ट होता: भयपटाची फक्त सुरुवात, दोन मिनिटांची. प्लॅनिंग, शूटिंग, एडिटिंग सगळं स्वतः करायचं. वर्गणी काढून ६,००० रुपये जमवले होते. त्यातले २,४०० पहिल्याच रविवारी गेले आणि हातात काहीच नव्हतं.

झालं काय? संध्याकाळी पाचला सगळे केळव्याच्या सुरूच्या बनात पोचले. रविवार, म्हणजे पर्यटकांची गर्दी. कुठला शॉट आधी, यावर वाद. तेवढ्यात सूर्य बुडाला. घरी येऊन बघतात तर मोबाईलमध्ये फक्त वाऱ्याचा आवाज.

ग्रुपमधली एक मुलगी गप्प होती. मग म्हणाली, "दादा, मला पुढे याचाच धंदा करायचाय. लग्नं, रील्स, दुकानांच्या जाहिराती. पण बाबा म्हणतात, एमआयडीसीत नोकरी बघ. हा प्रोजेक्ट पडला तर मी कुठल्या तोंडाने बोलू?"

म्हणजे मार्कांचा प्रश्न नव्हताच. घरी दाखवायला तिच्याकडे हा एकच नमुना होता.

नमुन्यावर भांडवल उभं राहतं

मी तिला दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगितली. १९१२ साली ते लंडनहून कॅमेरा घेऊन आले. सिनेमा काढायचा होता, पण पैसे लावणार कोण? मग त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कोंब फुटून वेल वाढेपर्यंत ठरावीक अंतराने एकेक चित्र घेतलं. पडद्यावर तो वेल भराभर वाढताना दिसला. 'अंकुराची वाढ' नावाची ती छोटीशी फिल्म बघून कर्ज मिळालं, आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आला. फाळक्यांनी पूर्ण सिनेमाचं वर्णन ऐकवत बसण्यापेक्षा एक छोटी गोष्ट पूर्ण करून दाखवली. तुमचा मसाला असो, शिवणकाम असो, नमुना असाच असावा: छोटा, पण पूर्ण.

प्लॅनिंग: आधी प्रश्न, मग शॉट

मी मुलांना एकच विचारलं, "दोन मिनिटं संपल्यावर बघणाऱ्याच्या मनात कुठला प्रश्न हवा?" पाच जणांची पाच उत्तरं! पहिल्या रविवारचं खरं कारण हे होतं.

दुसरी गोष्ट, जागा. विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' २०१७ मध्ये आला. त्यात भीती उसाच्या फडातून येते. पुढे त्यांनीच हिंदीत 'छोरी' केला. ऊस आपण रोज बघतो, पण आत शिरलं की चार हातांवरचं दिसत नाही. मग माहीममध्ये तसं काय आहे? एक पोरगा पटकन म्हणाला, "पानवाडी!"

गोष्ट ठरली. आजी नातीला तिन्हीसांजेला वाडीतली मोटर बंद करायला पाठवते. नात बटण दाबते. पाणी थांबतं. ती परत फिरते, आणि मागे मोटर आपोआप सुरू होते. इथे नाव येतं. बघणाऱ्याचा प्रश्न: मोटर कोणी चालू केली?

या गोष्टीत भूत दाखवायचंच नाही, म्हणजे मेकअपचा खर्च शून्य.

चौदा शॉट एका कागदावर उतरले. प्रत्येकापुढे जागा, वेळ, कपडे, वस्तू आणि जबाबदार माणूस. पाच झेरॉक्स, पाच हातांत.

शूटिंग: उजेड हा कच्चा माल

वाडीच्या मालकांनी पैसे घेतले नाहीत. अट एकच, चपला बाहेर काढायच्या. भाड्याचा लाईट ९००, कॉलरचा माईक ६००, टमटम आणि वडापाव ७००. एकूण २,२००.

सूर्य बुडाल्यावर निळसर उजेड साधारण वीस मिनिटं टिकतो. त्या वीस मिनिटांसाठी फक्त चार शॉट ठेवले, बाकीचे आधीच उरकले. मोबाईलचा उजेड आणि फोकस लॉक केला, नाहीतर चित्र मधेच उजळतं. बल्ब लुकलुकू नये म्हणून शटर १/५० वर ठेवलं. शेवटी सगळ्यांनी गप्प राहून वाडीचा नुसता आवाज एक मिनिट रेकॉर्ड केला. मोटरचा आवाज वेगळा घेतला. भयपटात निम्मं काम कानच करतो.

एडिटिंग: आवडतं ते कापा

डाविंची रिझॉल्व्हचं फुकटचं व्हर्जन वापरलं. पहिला कट निघाला तीन मिनिटं चाळीस सेकंद. सूर्यास्ताचा एक सुंदर शॉट होता, सगळ्यांचा लाडका. पण तो काढल्यावर गोष्ट जास्त घाबरवू लागली, म्हणून गेला. भरलेलं संगीतही काढलं. मोटर थांबल्यावर चार सेकंद पूर्ण शांतता ठेवली. अंतिम लांबी एक मिनिट अठ्ठावन्न सेकंद.

आपल्या दुकानातही हेच आहे. तुम्हाला आवडणारा माल आणि ग्राहकाला लागणारा माल वेगळा निघाला, तर शेल्फ कोणाचा?

आता हिशेब

मुलं खूश: "दादा, ४,६०० मध्ये झालं!" मी म्हटलं, थांबा. पहिला रविवार पाच तास, दुसरा सहा तास, पाच माणसं, म्हणजे ५५ तास. एडिटिंगचे १४. एकूण ६९. तासाला ६० रुपये धरले तरी ४,१४०. खरा खर्च ८,७४०. बीबीएला हे आम्ही परीक्षेपुरतं लिहिलं होतं. दुकान टाकल्यावर कळलं की स्वतःची मजुरी न धरणारा माणूस धंदा करत नसतो, फुकट राबत असतो.

प्रोजेक्ट पास झाला. ती फिल्म बघून केळव्याच्या एका होमस्टेवाल्यांनी त्या मुलीला छोटा व्हिडिओ करायला सांगितला. ती २,००० सांगणार होती. आम्ही बसून हिशेब केला: दोघांचे मिळून १८ तास, तासाला १०० प्रमाणे १,८००. प्रवास आणि माईक ७००. वर नफा १,०००. भाव ३,५००, अर्धे आगाऊ, दुरुस्त्या फक्त दोनदा. त्यांनी मान्य केलं.

बाबा अजून पूर्ण तयार नाहीत. नोकरीचा अर्ज भरायला लावलाच आहे. पण म्हणाले, "सहा महिने बघ करून." आणि ती फिल्म शिफ्टवरच्या मित्रांना स्वतः दाखवून आले!

तुमचा गृहपाठ: तुमच्या धंद्याचा 'दोन मिनिटांचा' नमुना कोणता? तो बघून ग्राहकाने कुठला प्रश्न विचारावा, हे एका ओळीत वहीत लिहा. शेजारी खर्च लिहा, आणि त्यात स्वतःचे तास धरा. मग कमेंटमध्ये टाका, पुढच्या व्हिडिओत त्यातले काही हिशेब एकत्र तपासू. भेटूया!