आग सोसणारे निकेल

पनवेल-रोहा लोहमार्गावरील आपट्याच्या शेजारी रसायनी येथे, हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीच्या कारखान्यात, नायट्रोजन टेट्रॉक्साइड तयार होत असे. 2017 मध्ये हा कारखाना बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने घेतला, तेव्हाही तेवढा एक विभाग ‘इस्रो’कडे सोपवण्याचे ठरले. विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात घडणारे ‘विकास’ रॉकेट इंजिन हेच द्रव ऑक्सिडीकारक म्हणून, म्हणजे इंधनाच्या ज्वलनाला ऑक्सिजन पुरवण्यासाठी वापरते, आणि हायड्रॅझिन वर्गातील इंधनाशी त्याची गाठ पडताच ठिणगीवाचून पेट घेऊन तापमान सुमारे 3000 अंश सेल्सिअसपर्यंत चढते.

अशा आगीच्या सान्निध्यात कोणता धातू टिकावा, या प्रश्नाचे उत्तर हवाई आणि अंतराळ अभियांत्रिकीत वारंवार निकेलपाशी येते, आणि ते काहीसे अनपेक्षित आहे. कारण निकेल 1455 अंशांना, म्हणजे लोखंडाच्याही आधी वितळते. त्याचे सामर्थ्य रचनेत आहे. लोखंडाच्या अणूंची मांडणी 912 अंशांना बदलते, निकेलची मात्र वितळेपर्यंत तीच राहते; शिवाय त्यात ॲल्युमिनियम व टायटॅनियम मिसळले, की ‘गॅमा प्राइम’ नावाचे सूक्ष्म, सुव्यवस्थित कण तयार होतात, ज्यांची बळकटी तापमानाबरोबर सुमारे 700-800 अंशांपर्यंत चक्क वाढत जाते. हे कण विसर्पण, म्हणजे तप्त धातूचे सततच्या भाराखाली हळूहळू ताणले जाणे, रोखून धरतात. विमानाच्या इंजिनातील पाती हजारो तास फिरत असल्याने तेथे हा गुण निर्णायक ठरतो. तरीही भोवतालचा वायू धातूच्या वितळबिंदूहून तप्त असल्यामुळे पात्यांच्या पोटातून थंड हवा खेळवावी लागते.

रॉकेटचे इंजिन काही मिनिटेच चालते, पण त्याची परीक्षा वेगळी असते; क्रायोजेनिक इंजिनात उणे 253 अंशांचा द्रव हायड्रोजन आणि धगधगता वायू हातभर अंतरावर नांदतात, आणि इन्कोनेल 718 हा निकेलचा मिश्रधातू त्या गारठ्यातही ठिसूळ होत नाही.

या गुणांची किंमत कारखान्यात मोजावी लागते, कारण तापूनही न नमणारा धातू कापणाऱ्या हत्यारालाही नमत नाही, आणि उष्णता वाहून नेण्यात तो मंद असल्याने हत्याराची धारच आधी जळते. म्हणूनच त्याची भुकटी लेझरने थरावर थर वितळवून भाग छापण्याचे तंत्र येथे विशेष उपयोगी पडते. चेन्नईच्या अग्निकुल कंपनीने 30 मे 2024 रोजी उडवलेल्या रॉकेटचे इंजिन असेच एकसंध इन्कोनेलचे होते. मात्र छापलेल्या भागाला पुढे भट्टीत उष्णता-प्रक्रिया द्यावीच लागते, कारण 718 ला बळकटी देणारे निओबियमयुक्त कण पुरेशा प्रमाणात तेथेच घडतात.